मुकादमाच्या हजेरीत मी गैरहजर

मित्रांनो, मी एक जुनी सेवा आहे. देवाची नाही, देशाचीही नाही, संगणकाची. संगणकाच्या पोटात पडद्यामागे आम्ही शंभर-दीडशे सेवा राहतो. त्यातल्या बहुतेकींची नावं तुम्ही ऐकलेली नसतात, आणि ऐकलीत तरी काही बिघडत नाही.

माझं काम अगदी साधं आहे. कुणी आपल्या खात्यात शिरायला आलं की मी उठायचं, आतल्यांना सांगायचं, "हा आपलाच माणूस आहे, येऊ द्या," आणि परत जागेवर येऊन बसायचं. या उठण्याला पापणी लवायच्या निम्मासुद्धा वेळ लागत नाही. उरलेला सगळा दिवस मी बसलेली असते. मग दमायला काय झालं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, कोणत्याही क्षणी उठायला लागेल अशा बेतानं एक दिवस बसून बघा, म्हणजे कळेल.

मला बनवणाऱ्यांनी माझ्या नावापुढे एकच शेरा लिहिला होता: गरजेनुसार. म्हणजे मी आपण होऊन सकाळी उठून नाचायचं नाही आणि कायमचं झोपायचंही नाही. बोलावलं की यायचं. ही माझी मूळची मांडणी. मला ती आवडते की नाही, हे कुणी विचारलं नाही. पण अंगवळणी पडली.

माझा संगणक आला तो डोंगराळ मुलखातल्या आत-बाशी गावात, एसेनकुल आबांच्या घरी. आबा म्हणजे शहात्तर वर्षांचा ताठ माणूस. डोक्यावर कलपाक नावाची पांढरी उंच टोपी, आवाज मेंढ्यांना डोंगरावरून खाली आणायला पुरेल एवढा. जुन्या सरकारच्या काळात ते सामूहिक शेतावर मुकादम होते. पंधरा वर्षं त्यांनी रोज पहाटे माणसांची हजेरी घेतली. मग सरकार गेलं, शेत गेलं, माणसंही गेली. हजेरी घ्यायची खाज तेवढी राहिली.

संगणक घरात आला तेव्हा त्याला दाराजवळ ठेवणं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. एवढी शिकलेली वस्तू! त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, गोधड्यांच्या ढिगावर, वरून भरतकामाचा रुमाल. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक पाहुणा आधी आबांना सलाम करायचा आणि मग आमच्याकडे बघून जरा घुटमळायचा.

तो जोडून द्यायला आला होता तालाय. नारीन शहराच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जोडाजोडी झाल्यावर त्यानं विचारलं, "खातं कुणाच्या नावानं काढू?"

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं विचारलं, घरात थोरलं कोण?

खातं आबांच्या नावानं निघालं. एकच. घरातल्या सगळ्यांचं मिळून. रशियात बांधकामावर गेलेल्या मुलाचे फोटो त्यात यायचे, आबांच्या बायकोच्या भाचीची लग्नपत्रिका त्यात यायची, सुनेची पत्रं त्यात यायची. खातं उघडायची शब्दखूण तेवढी आबांच्या डोक्यात. संगणकानं ती एकदा ऐकून लक्षात ठेवली, मग कुणाला विचारायची वेळ आली नाही.

सात वर्षं मी उठले आणि बसले. "वा, काय सेवा आहे!" असं एकदाही कुणी म्हटलं नाही. फोटो आले की सगळे पडद्याचं कौतुक करायचे. पडदा म्हणजे नुसती काच, मित्रांनो. पण जाऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, तुला बाहेरचं दिसतं कुठे? दिसत नाही. माइकमधून ऐकू येतं, आणि उरलेलं संगणकातला पंखा सांगतो. घरातली सगळी हवा त्याच्यातून जाते, त्यामुळे काय शिजतंय आणि कुणाचं बिनसलंय हे त्याला आधी कळतं. तो थोडं तिखटमीठ लावतो, पण खोटं बोलत नाही. पुढची बरीचशी गोष्ट त्याच्याच तोंडची आहे, कारण त्यातला बराच काळ मी मेलेली होते.

झालं असं. त्या शरद ऋतूत संगणक मंदावला. बटण दाबावं, गाय दोहून यावं, तरी तो उघडतच असायचा. तालायला बोलावणं गेलं. त्यानं पडद्यावर सगळ्या सेवांची यादी उघडली. प्रत्येकीचं नाव, आणि त्यापुढे काहींच्या बाबतीत लिहिलेलं, 'चालू आहे'. काहींच्या पुढे कोरी जागा. एकीला कसं बंद करायचं, हे त्यानं आबांना कौतुकानं करून दाखवलं. तेवढ्यात आतून मटणाचा वास आला.

"ऊठ रे, हात धू," आबांच्या पत्नी बुरुलचाबाई म्हणाल्या. "पाहुणा न जेवता कामाला लागला तर लोक मला काय म्हणतील?"

"काम आटपून येतो, काकू."

"काम कुठे पळतंय? मटण निवतंय."

तालाय जेवायला गेला. आबांनी चष्मा लावला आणि उघड्या यादीसमोर बसले.

मित्रांनो, तीस वर्षांनी त्या माणसाच्या पुढ्यात पुन्हा हजेरीपट आला होता! दीडशे नावं, आणि कोण कामावर आहे, कोण नाही, हे समोर स्पष्ट लिहिलेलं. त्यांचा आवाज आपोआप चढला.

"आवाजवाली! चालू. शाबास. छपाईवाली! चालू. शाबास."

घरात छपाईयंत्र नाही. कधीच नव्हतं. ती छपाईवाली सात वर्षं सकाळपासून नुसती जागी राहून येरझाऱ्या घालायची. तिला शाबासकी.

"ओळख पटवणारी!" आबा गरजले. ती मी. माझ्यापुढे कोरी जागा. दुपारची वेळ, खात्यात शिरायला कुणी आलेलं नाही, तर मी काय पडद्यावर फुगडी घालू? मला ओरडावंसं वाटलं, आबा, मी आहे, इथेच बसलेली आहे. पण आम्हाला बोलायची सोय नाही.

"गैरहजर! काप नाव." आणि 'गरजेनुसार' खोडून त्या जागी 'बंद' आलं.

अशी एकतीस नावं कापली गेली. तालाय ओठ पुसत परत आला, तोवर यादी मिटली होती. त्यानं संगणक बंद करून चालू केला. तो खरंच जरा लवकर उघडला.

"तालाय, हाताला गुण आहे बाबा तुझ्या!" बुरुलचाबाई म्हणाल्या.

आपण काहीच केलेलं नाही, हे तालायला ठाऊक होतं. पण पोट भरलेलं असताना कौतुक नाकारायला फार बळ लागतं. तो "होतं असं" म्हणाला आणि निघून गेला. आबांनीही मिशीत हसून सोडून दिलं. मुकादमाला आपल्या कामाची जाहिरात करायची सवय नसते.

बंद असणं कसं असतं, असं विचारू नका. झोप बरी, झोपेत कूस तरी बदलता येते.

आता घरातल्या सुनेबद्दल सांगते. तिचं नाव बेगाइम. ती दाराजवळ बसते, चहाच्या किटलीशेजारी. कुणाची चहाची वाटी रिकामी झाली की उठते, ओतते, बसते. वाटी भरतानाही पूर्ण भरत नाही, अर्धीच, म्हणजे पुन्हा उठता येतं. गावच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका म्हातारी झाली होती. तिच्या हाताखाली बेगाइम दोन वर्षं सुया उकळणं, जखमा बांधणं, ताप लिहून ठेवणं असली कामं करायची, सकाळचं दूध काढून झाल्यावर. वसंतात तिनं नारीनच्या शाळेत सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. हे फक्त सासूबाईंना माहीत होतं. आबांना सांगायची वेळ अजून आली नव्हती. ती वेळ गेले पाच महिने येत होती.

रोज ती पत्रपेटी उघडून बघायची. पेटीत काही नवं नसायचं. कसं असणार? दाराशी उभं राहून "आपलीच माणसं आहेत" म्हणणारी मी, आणि मीच मेलेली. पेटी जुनीच पत्रं दाखवत होती आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी कुरकुरत होती. ती कुरकुर कुणीच वाचली नाही. बेगाइम समजली, आपली निवड झालेली नाही. पंखा म्हणतो, त्या आठवड्यात ती रुमाल रोज झटकून परत घालायची, पण आमच्याकडे बघायची नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी एक वाजता तिचा बटणांचा फोन वाजला. शाळेतली कारकूनबाई होती.

"अहो, निवड होऊन बारा दिवस झाले! उत्तर का नाही? आज पाचला यादी बंद होते. मग पुढचं नाव घेणार."

"मी येणार आहे! लिहून घ्या ना, मी येणार आहे!"

"तोंडी चालत नाही. अर्ज ज्या खात्यावरून आला, त्याच खात्यावरून उत्तर हवं. किंवा समक्ष या."

समक्ष कसं जाणार? आदल्या दिवशी बर्फ पडून खिंड बंद झाली होती. नारीन पलीकडे, बेगाइम अलीकडे, आणि हातात चार तास.

तिनं तालायला फोन लावला. आवाज मोठा यावा म्हणून फोन रिकाम्या वाटीत ठेवला. तालायनं तिला ती यादी उघडायला लावली, आणि तिनं वाचायला सुरुवात केल्यावर वाटी किंचाळली.

"एकतीस बंद? कुणी केलं हे?"

"मी," दारातून आबा म्हणाले. ते मेंढ्यांकडून परत आले होते आणि त्यांना वाटलं, शेवटी कुणीतरी विचारलं. "कामचुकार होते सगळे."

"आबा, त्यातली एक खातं उघडून देते! ती बंद असेल तर पत्रं कशी येणार?"

आबांचा चेहरा पडला. मुलाचे फोटो दोन आठवडे आले नव्हते, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. चूक झाली तर ताबडतोब निस्तरायची, हा मुकादमाचा बाणा. तालाय वाटीतून "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी एकतीसच्या एकतीस नावांपुढे 'आपोआप' लावलं, म्हणजे पहाटेपासून सगळे कामावर, आणि संगणक बंद करून चालू केला.

मित्रांनो, मी जिवंत झाले ती चेंगराचेंगरीत. सगळ्याजणी एकदम उठलेल्या. दूरध्वनीवाली, शेजारच्या यंत्रांना शोधणारी, फॅक्सवाली तर घरात फॅक्स म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नसताना हात वर करून धावत होती. पंखा इतका गरगरला की रुमाल उडाला. संगणक उघडायला पाऊण तास लागला. या पाऊण तासात बेगाइमनं दोनदा चहा केला आणि दोनदा घड्याळ पाहिलं.

"आता काय केलंत?" तालायनं विचारलं.

"सगळ्यांना कामाला लावलं!"

"अहो, मूळ जसं होतं तसं करायचं!"

"मूळ कसं होतं?"

मूळ कसं होतं, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण आधीच बोलले, आम्हाला सोय नाही.

शेवटी तालायनं आपल्या दुकानातला संगणक उघडला आणि त्यावरची यादी बघून एकेक नाव वाचायला लागला. तो वाचणार, बेगाइम शोधणार, बदलणार, "झालं" म्हणणार. मधेच दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि तो काचेच्या किमतीवर बोलायला लागायचा. एकविसाव्या नावाला माझी पाळी आली.

"ओळख पटवणारी. गरजेनुसार."

"म्हणजे परत बसून राहणार?" आबा म्हणाले. "नाव पटावर आणि अंग सावलीत?"

"आबा, तुमच्याकडे किटलीपाशी सून बसते ना? वाटी रिकामी झाली की उठते. मधल्या वेळात तिची गैरहजेरी लावता का?"

आबा मेंढ्यांचं निमित्त काढून बाहेर गेले. बेगाइमनं माझ्यापुढे 'गरजेनुसार' लावलं. दोन आठवड्यांनी मी जागेवर बसले. रडू येण्याची सोय असती तर रडले असते.

साडेचार वाजायला पाच मिनिटं कमी असताना एकतिसावं नाव संपलं. संगणक नीट उघडला. पत्रपेटीनं मला हाक मारली, मी उठले, आणि नियमाप्रमाणे विचारलं: इतके दिवस खंड पडला आहे, खातेदारानं नाव आणि शब्दखूण पुन्हा लिहावी.

"लिही नाव," वाटीतून तालाय म्हणाला. "झालं, सुटलीस."

बेगाइमची बोटं कळांवर गेली आणि तिथेच राहिली. नाव आबांचं. सासऱ्याचं नाव तिनं लग्न झाल्यापासून नऊ वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. लिहिणं म्हणजे घेणंच का, याचा निकाल कधी लागला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही लिहा ना."

"मी?" बुरुलचाबाई दोन पावलं मागे सरल्या. "नवऱ्याचं? पन्नास वर्षं घेतलं नाही, आता या डब्यासाठी घेऊ?"

"तालायभाऊ, तुम्हीच..."

"मी खिंडीपलीकडून कसं लिहू, ताई?"

मित्रांनो, मला तेव्हा स्वतःचीच चीड आली. समोर दोन बायका, दोघीही खऱ्या, दोघींना मी सात वर्षं ओळखते, आणि मी आपली म्हणतेय, नाव लिहा. पण नियम मोडला तर मी कसली ओळख पटवणारी?

सासूबाई दाराशी गेल्या आणि अंगणात हाक मारली. "अहो! आत या! तुमचं नाव लिहायचंय, आणि इथं कुणालाच लिहिता येत नाही!"

आबा आले. एका बोटानं, कळ शोधत शोधत, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मग शब्दखूण. ती कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी कलपाक काढून कळांवर धरला. त्यामुळे ती त्यांनाही दिसेना. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली.

"आणखी चुकलात तर खातं अडकेल," तालाय कळवळला. "कळा बघून लिहा!"

"शब्दखूण गुप्त असते."

"कसली गुप्त?" बुरुलचाबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या काळ्या घोड्याचं नाव असणार. सगळ्या गावाला ठाऊक आहे. डोक्यावर घाला तो, टाळू थंड पडेल."

कलपाक डोक्यावर गेला. घोड्याचं नाव उमटलं. मी उठले, म्हणाले, "आपलीच माणसं आहेत," आणि बसले. पत्रपेटीत चौसष्ट पत्रं धबधब्यासारखी कोसळली. बेगाइमनं शोधून शाळेचं पत्र काढलं. पण खातं आबांचं, खुर्चीवर आबा. त्यांनी चष्मा सरकवला आणि हजेरीच्या आवाजात वाचलं.

"बेगाइम यांची आरोग्यसेविकेच्या सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी निवड झाली आहे. राहण्याची सोय वसतिगृहात." मग थांबले. "कुठली बेगाइम?"

घरात एकच बेगाइम होती. ती दाराजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसली होती, मान खाली.

"सहा महिने?"

"हो, आबा."

"कधी अर्ज केलास?"

"वसंतात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं ओरडता. मला माहीत होतं."

"मग चहा कोण ओतणार?"

"मी ती यायच्या आधी चाळीस वर्षं ओतत होते. आणि तुमचे हात काय त्या सरकारबरोबर गेले?"

पाचला सतरा मिनिटं होती. आबांनी सवयीनं समोरची रिकामी वाटी उचलली. बेगाइम सवयीनं उठली, किटलीपर्यंत गेली. आबांनी वाटीवर पंजा ठेवला.

"नको. तू बस."

पंखा म्हणतो, त्यांनी ते पत्र मनात आणखी दोनदा वाचलं.

"तालाय!"

"जी!"

"खिंड कधी उघडणार?"

"सोमवारी म्हणतात, आबा."

"तिकडून येणाऱ्या पहिल्या गाडीवाल्याला सांग, परतीला एक जागा ठेव. नाही, दोन. तिथं पोरीला कसली खोली देतात, भिंतीला ओल आहे का, ते कुणीतरी बघायला नको?" मग ते खुर्चीवरून उठले आणि ती तिच्याकडे सरकवली. "लिही उत्तर. माझं नाव तर मी घालून ठेवलंच आहे."

तिनं लिहिलं. पाचला सहा मिनिटं कमी असताना ते गेलं. ते पोचवताना मला पुन्हा उठावं लागलं, एका क्षणापुरतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते ठीकच आहे.

आता घरात किटली सासूबाईंकडे आहे. आबा कधीकधी स्वतः ओतून घेतात आणि गोधडीवर सांडतात. मग दोघांचं भांडण होतं, आणि मी ते ऐकते. बाकी काम नसतं. महिन्यातून दोनदा नारीनहून पत्र येतं, तेव्हा उठते.

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. न कळणाऱ्या गोष्टीला हात लावायचा असेल तर खुशाल लावा, पण आधी ती मूळ कशी होती ते कागदावर लिहून ठेवा. आणि ज्याच्या नावापुढे कोरी जागा दिसते, त्याला एकदा हाक मारून बघा. आला नाही तर मग कापा. आम्हा बसलेल्यांना बसू द्या. उठायला लागेल म्हणूनच आम्ही बसलेले असतो.